पावणाईचा डावा कौल

शिवडी,
९ जानेवारी २०२५

प्रिय रूपर्ट,

परवा सकाळी मी कामावर जाण्याऐवजी फणसवाडीत गेलो आणि आमच्या चाळीच्या जागेभोवती ठोकलेल्या पत्र्यावरची नोटीस तीन वेळा वाचली. गोदामात फोन करून सांगितलं की अंगात कसर आहे. पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच खोटं बोललो, असं इथे लिहिणार होतो. पण ते वाक्य खरं नाही, म्हणून सोडून देतो.

नोटीस अशी आहे. बासष्ट मजल्यांचा टॉवर आता अठ्ठ्याहत्तर मजल्यांचा करायचा आहे. परिसरातल्या नागरिकांनी आपल्या हरकती आणि सूचना द्याव्यात. पंचवीस फेब्रुवारीला सुनावणी आहे. खाली बारीक अक्षरांत लिहिलंय, ‘मूळ प्रकल्पास चाळीतील सर्व भाडेकरूंची एकमताने संमती आहे.’

पाच-सहा माणसं वाचत उभी होती. एक बाई म्हणाली, एवढ्या वर राहून कोथिंबीर आणायला खाली कोण येणार. कुणी म्हणालं, सोळा मजले वाढले तर समुद्र जास्त दिसतो का. पेढीवरचे दौलतशेठ, तुला आठवत असतील, त्यांनी मला ओळखलं. म्हणाले, “काय जयवंतराव, तुमच्या देवीने मोजून किती मजले सांगितले होते?” सगळे हसले. मीही हसलो.

मग तुझ्या गल्लीत गेलो. तुझ्या घराला बाहेरून चार लोखंडी टेकू दिलेत. जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत कठडा आहे, पुढे नाही. भिंतीवरची भेग खिडकीच्या वरपर्यंत गेली आहे. टॉवरचा खड्डा खणताना ती पडली, हे सगळ्यांना माहीत आहे, पण कुणी तसं लिहून द्यायला तयार नाही. खड्ड्यात पाणी साचलंय आणि त्यावर हिरवा थर आलाय. टॉवर अजून जमिनीच्या वरसुद्धा आलेला नाही. गिरगावची सगळी बोलणी मात्र त्याच्याबद्दलच चालतात.

आम्ही शिवडीला सातव्या मजल्यावर आहोत. बिल्डरने दिलेली ही तात्पुरती इमारत आहे. दीड वर्षं म्हणाले होते, त्याला आता वीस महिने झाले. खिडकीतून गोदामांचे पत्रे आणि भरती-ओहोटीचा चिखल दिसतो. शेजारच्या खोलीत लतिकावहिनी राहतात.

दर्शनाची तब्येत ठीक आहे. आमच्या राहुलचं लग्न झालं, ते टेरेन्सने तुला कळवलं असेलच. तुझा भाऊ आहे, कळवल्याशिवाय राहिला नसेल. मी पत्रिका पाठवली नाही. का पाठवली नाही, ते तू विचारलंसच तर सांगेन.

नोटिशीचं तुला कळावं एवढ्यासाठी लिहिलं. भेग पडल्यावर तुम्ही नवराबायको देवळालीला तुझ्या बहिणीकडे गेलात, तेव्हा रोझला आणि तिलाही नमस्कार सांग. देवळालीची थंडी रोझच्या छातीला मानवते का?

तुझा,
जयवंत


शिवडी,
२१ जानेवारी २०२५

प्रिय रूपर्ट,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं मी धरून चाललो नव्हतो.

त्या वहीबद्दल लिहितो. टॉवरबद्दल लोकांनी आपलं म्हणणं लिहावं म्हणून ठेवलेली तुझी ती दोनशे पानी लांब वही. फोर्टच्या ऑफिसातून नकाशे काढायचं काम संपवून आलास की तू ती जिन्याच्या पायरीवर ठेवायचास, सोबत दोऱ्याने बांधलेलं पेन. पहिल्या पानावर तू स्वतःच्या हाताने काढलेली दोन चित्रं चिकटवली होतीस. एकात चौपाटीच्या वाळूवरून दिसतं तसं गिरगाव, मंगलोरी छपरं, झाडांचे शेंडे, चर्चचा क्रूस, देवळाचा कळस. दुसऱ्यात तेच सगळं आणि मधोमध टॉवर. त्या दुसऱ्या चित्रात तू काहीच वाईट काढलं नव्हतंस. टॉवरही सुबक काढला होतास. फक्त बाकीचं सगळं आपोआप बारीक झालं होतं.

त्या वहीत पहिला अभिप्राय माझा आहे. तूच म्हणालास, “जयवंता, तुझं अक्षर शाळेच्या फळ्यासारखं आहे, तू सुरुवात कर.” मी लिहिलं होतं, आमच्या आसवली गावात पावणाईच्या कळसापेक्षा उंच घर कुणी बांधत नाही. पैसेवालासुद्धा बांधत नाही. अशी बंदी कुठे लिहिलेली नाही, पण कुणी बांधत नाही. माणसाने दुसऱ्याच्या आकाशाचा विचार करावा, एवढंच त्यामागे असावं.

हे मी मनापासून लिहिलं होतं, आजही मला तसंच वाटतं. हे तू लक्षात ठेव, कारण पुढचं वाचताना विसरशील.

लोकांनी काय काय लिहिलं होतं! एका वकिलाने चार पानं भरली. एकाने लिहिलं, ‘माझा विरोध आहे, पण मला फ्लॅट मिळणार असेल तर नाही.’ तू त्याला शंभर टक्के प्रामाणिक माणूस म्हणालास. आणि मग दर्शनाने लिहिलं. मला न सांगता ती जिना चढून आली होती. ‘ज्यांना आमची चाळ सुंदर दिसते त्यांनी एक महिना आमच्या संडासाच्या रांगेत बादली घेऊन उभं राहावं. मग आकाशाचं बघू. सौ. दर्शना जयवंत.’ ते वाचून तू हसलास. पण वहीतून ते पान काढलं नाहीस. त्या दिवशी तुझ्याबद्दल मला जो आदर वाटला तो मी तुला बोलून दाखवला नाही.

चाळीत छप्पन्न बिऱ्हाडं, त्यातली पन्नास आमच्या गावची. निम्मे होकाराचे, निम्मे नकाराचे. भाऊ भावाशी बोलेना. लतिकावहिनी पुढे होऊन नकार देणाऱ्यांतल्या. नवरा ह्याच खोलीत गेला, मीही इथूनच जाणार, असं त्यांचं म्हणणं. शेवटी कोंडीरामकाका उभे राहिले. ऐंशीच्या घरात आहेत, त्यांच्या शब्दाला मान आहे. त्यांनी तोडगा सुचवला. गावात देवीच्या कळसावर घर चढवत नाहीत, इथे तर बासष्ट माळे चढवायचेत, तेव्हा देवीलाच विचारू. ती सांगेल ते सगळ्यांनी मानायचं, सही करायची नाही तर कागद फाडायचा. सगळ्यांनी माना डोलावल्या. ज्यांचा देवावर फारसा विश्वास नाही त्यांनीही डोलावल्या, कारण भांडून सगळेच दमले होते.

गावी कोण जाणार, यावर चर्चा झाली नाही. रोज सकाळी पोथी वाचणारा, चाळीची आरती करणारा मी. माझं नाव कुणी सुचवलं तेही आठवत नाही. वय झालेलं असूनही कोंडीरामकाका सोबत निघाले.

मी गावी गेलो. कौल घेतला. परत आलो. उजवा मिळाला म्हणून सांगितलं. आठ दिवसांत छप्पन्न सह्या झाल्या.

त्यानंतरचं तुला माहीत आहे. तू जिन्यात उभा होतास.

आज इथेच थांबतो. दर्शना दिवा लावायला हाक मारते आहे.

जयवंत


शिवडी,
२ फेब्रुवारी २०२५

प्रिय रूपर्ट,

बारा दिवस कागद समोर घेऊन बसतो आणि उठतो. आज रविवार आहे. तू चर्चमधल्या मासहून आलास की रोझ जिन्यात चहा आणून द्यायची, ती ही वेळ.

कौल कसा घेतात ते तुला एकदा सांगितलं होतं, पुन्हा सांगतो. गुरव देवीच्या पाषाणावर दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या लावतो. मग गाऱ्हाणं घालतो, म्हणजे आपलं म्हणणं मोठ्याने देवीपुढे मांडतो. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होकार. डावीकडची पडली तर नकार. एकच प्रश्न पुन्हा विचारायचा नसतो. तो देवीचा अपमान समजतात.

तीन वर्षांमागे माघात आम्ही सकाळी आसवलीला पोचलो. प्रवासाने कोंडीरामकाकांचं पोट बिघडलं. ओटीवर आडवे झाले ते उठेनात. म्हणाले, तू जाऊन ये, तू गेलास म्हणजे आम्ही सगळे गेलो. मी एकटा देवळात गेलो. गंगाधर गुरव होता आणि मी होतो. बाहेर कुणी शेणी थापत होतं, त्याचा आवाज येत होता.

गंगाधरने प्रश्न नीट विचारला. मुंबईच्या लेकरांनी जुनं घर मोडून उंच माडी बांधू द्यावी का, तुझ्या मनात असेल तर उजवा दे, नसेल तर डावा दे.

पाकळी डावी पडली. फार वाट पाहावीही लागली नाही.

मी गंगाधरला म्हणालो, पुन्हा विचार. तो म्हणाला, “परत इचारूचा नाय, जयवंता. तिना सांगल्यान ता सांगल्यान.”

मी तिथेच बसून राहिलो. रूपर्ट, त्या वर्षात राहुलची दोन ठिकाणं मोडली होती. तिसरी ऋता. मुलगी चांगली, दोघांची मनं जुळलेली. तिच्या वडिलांनी आमची दहा बाय बाराची खोली पाहिली, चहा घेतला आणि खाली उतरताना मला बाजूला घेऊन विचारलं, मुलगी कपडे कुठे बदलणार? त्या प्रश्नाने मी घरात मान वर करेनासा झालो होतो. दर्शनाने वहीत लिहिलं ते त्यानंतर आठ दिवसांनी.

मी गंगाधरला म्हणालो, माझं घरचं एक विचारायचं आहे. त्याला काही अडचण नव्हती. नव्या पाकळ्या लावल्या. राहुलचं ऋताशी लग्न होईल का? उजवी पडली. देवळातला कौल गुरव स्वतःहून कुणाला सांगत नाही, ज्याने घेतला त्यानेच सांगायचा.

मी घरी आलो. काकांनी पडल्या पडल्या विचारलं, काय झालं रे? मी म्हणालो, उजवा दिला.

त्या क्षणी मी ठरवलं होतं असं नाही. ओठांवर तेच आलं. पण परतीच्या वाटेवर पूर्ण एक दिवस माझ्याकडे होता, आणि मुंबईत उतरल्यावर चाळीच्या दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत जमलेल्या माणसांसमोर मी तेच पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा ते ओठांवर आलेलं नव्हतं.

आणि मग तू. तू मला जिन्यात थांबवलंस. खाली मान घालून विचारलंस, “जयवंता, देवी खरंच असं बोलली?” मी हो म्हणालो. तू म्हणालास, “मग बाहेरच्या लोकांच्या हरकती घेऊन मी तुमच्या देवीच्या विरुद्ध उभा राहणार नाही. देवाचं म्हणणं आलं की माणसाने कागद मिटावा.” आणि वही उचलून आत घेऊन गेलास. तीनशेच्या वर अभिप्राय होते त्यात. तू ते महापालिकेत कधीच दिले नाहीस.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, तुमच्या पाकळ्या तुमच्याजवळ ठेवा. वकील म्हणालाच होता. तुझा धर्म वेगळा, देव वेगळा, आणि तूच एकटा माझ्या देवीपुढे झुकलास. ती काय म्हणाली होती ते मला माहीत होतं आणि मी उभा राहून बघत होतो.

राहुलचं लग्न झालं. देवीने दिलेलं पाळलं. ते दोघं बदलापूरला भाड्याने राहतात, टॉवरमधली खोली मिळेल तेव्हा मिळेल. लग्नात अक्षता माझ्या मुठीतच राहिल्या तर लोकांना वाटलं बाप आहे, गहिवरला.

हे तुला सांगायला मला तीन वर्षं लागली.

जयवंत


शिवडी,
२६ फेब्रुवारी २०२५

प्रिय रूपर्ट,

तुझं कार्ड पोचलं. तीन ओळी. मी त्या इतक्यांदा वाचल्या की पाठ झाल्या. ‘पत्र वाचलं. रोझलाही वाचून दाखवलं. मला सांगून काय उपयोग, ज्यांनी तुझ्या शब्दावर सह्या केल्या त्यांना सांग.’ खाली नाव नाही. नाव लिहावंसं वाटलं नसेल.

तू चिडला असतास तर मला हलकं वाटलं असतं.

काल सुनावणी होती. मी तिथे बोलायचं ठरवून गेलो होतो. धुतलेला सदरा घातला, पोथी वाचली, दर्शनाला सांगितलं की साहेबांकडे काम आहे. मोठा हॉल, दीडशे माणसं. लोक एकेक करून माईकजवळ जात होते. एक बाई दुर्बिणीतून पक्षी बघणाऱ्या. त्या म्हणाल्या, एवढ्या काचेला थडकून पक्षी मरतील. एक तरुण म्हणाला, मुंबई वर नाही जाणार तर कुठे जाणार, समुद्रात? त्याला टाळ्या पडल्या. लगेच एक म्हातारे उठले, त्यांनी चौपाटीवरून दिसणाऱ्या रेघेबद्दल सांगितलं, आकाशाला शहराची जी कड लागते ती मोडते म्हणाले. त्यांनाही टाळ्या पडल्या, त्याच लोकांच्या. मला वाटलं, ह्या लोकांना दोन्हीही पटतंय. मलाही तसंच होतं. तुझ्या वहीतला माझा अभिप्राय खरा होता आणि ऋताच्या वडिलांचा प्रश्नही खरा होता.

आमच्या चाळीतर्फे चौदाजण आले होते. कोंडीरामकाका व्हीलचेअरवर. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी मूळ भाडेकरूंचं काय म्हणणं आहे विचारलं. बिल्डरचा माणूस लगेच म्हणाला, एकमत आहे, त्यांच्या ग्रामदैवतानेसुद्धा परवानगी दिलेली आहे. हॉलमध्ये हशा पिकला. साहेबही हसले आणि म्हणाले, तेवढं सोडून बाकीची कागदपत्रं दाखवा.

माझं नाव पुकारलं. मी यादीत नाव दिलं होतं. माईकपर्यंत गेलो. समोर काका मान डोलावत होते, आता आपला माणूस बोलणार म्हणून. मी माझं पूर्ण नाव सांगितलं, गाव सांगितलं, चाळीतली खोली सांगितली. साहेब म्हणाले, बोला, हरकत की सूचना?

मी म्हणालो, काही नाही.

परत येऊन बसलो. शेजारच्या माणसाने विचारलं, मग नाव कशाला दिलं होतं? मी म्हणालो, चुकून.

घरी येताना लिफ्टमध्ये लतिकावहिनी भेटल्या. सुनावणीला आल्या नव्हत्या. हातात पिशवी होती. मी विचारलं, शिमग्याला गावी येणार ना? सगळी मुंबई येते आहे ह्या वर्षी. त्या म्हणाल्या, गावी येईन, देवळात नाही येणार. मला वाटलं पायऱ्या चढवत नसतील.

रूपर्ट, ते बिल्डरच्या माणसाच्या तोंडून ऐकलं आणि लोक हसले, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मी माझं एकट्याचं काही बिघडवलं नाही. पावणाईला मी त्या हॉलमध्ये आणून उभं केलं आणि लोकांना हसायला दिलं.

त्या साहेबांच्या वहीत ही गोष्ट कुठल्या रकान्यात बसणार होती? ती तिथे सांगायचीच नव्हती. असं मी स्वतःला समजावतो आहे. भित्रा माणूस जागा चुकीची होती म्हणून सांगतो, हेही मला ठाऊक आहे.

तेरा मार्चला होळी. चौदाला सकाळी मांडावर गाऱ्हाणं होतं, तेव्हा सगळा गाव आणि सगळे मुंबईकर एका जागी असतात.

जयवंत


आसवली,
१६ मार्च २०२५

प्रिय रूपर्ट,

हे पत्र गावाहून लिहितो आहे. ओटीवर बसलोय, कुणी माझ्याशी बोलत नाही, तेव्हा निवांतपणा आहे.

होळीच्या दिवशी दर्शनाला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मी सुरुवातीपासून सांगितलं, मधे थांबलो नाही. तिचे हात चालूच होते. सगळं संपल्यावर तिने एकच विचारलं, “राहुलचं तरी खरं ना?” मी म्हणालो, ते खरं. ती म्हणाली, “मग सांगा उद्या. पण मला पुढे उभं करू नका.” सूप घेऊन ती आत गेली.

चौदा तारखेला सकाळी मांडावर दोनशे-अडीचशे माणसं होती. मांड म्हणजे देवळासमोरचं मोकळं अंगण. आमच्याकडे गाऱ्हाण्याची रीत अशी आहे की घालणारा एकेक वाक्य म्हणतो आणि जमलेले सगळे म्हणतात, ‘व्हय म्हाराजा’. लहानपणापासून तोंडात बसलेलं असतं. गंगाधरने गावाचं गाऱ्हाणं घातलं. पोराबाळांना सुखी ठेव, व्हय म्हाराजा. चाकरमान्यांना सांभाळून ने, व्हय म्हाराजा. संपल्यावर त्याने विचारलं, आणखी कुणाचं काही आहे? एरवी कुणाची नवसाची गोष्ट असते. मी पुढे गेलो. राहुल आणि ऋता डाव्या हाताला उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

मी गाऱ्हाण्यासारखंच सुरू केलं, कारण दुसरं मला बोलता येत नाही.

“आई पावणाई, तीन वर्षांमागे मुंबईच्या मंडळींनी मला तुझ्याकडे पाठवला.”

व्हय म्हाराजा.

“टॉवर बांधू द्यायचा की नाही, ते तुला विचारलं.”

व्हय म्हाराजा.

“तू डावा दिलास. मी सगळ्यांना उजवा म्हणून सांगितलं.”

व्हय म्हाराजा, म्हणाले. सगळे नाही. पन्नासेक जणांच्या तोंडून सवयीने गेलं आणि शेवटचं अक्षर अर्धवट राहिलं. ढोलवाल्याने ढोल खाली ठेवला. मी पुढचं सांगून टाकलं, राहुलचा कौल, परत येतानाचा दिवस, गॅलरीतलं बोलणं. तुझंही नाव घेतलं. म्हणालो, फणसवाडीच्या रूपर्टने तुझ्या शब्दाखातर आपली वही मिटली, आणि तो शब्द तुझा नव्हता.

आधी बोलले कोंडीरामकाका. खुर्चीतूनच. “खोटा बोललंस ता बोललंस. आता सांगान आमचा काय करतलंस? खड्डो बुजवतलंस?” लोक थोडे हसले, पण ते हसणं निराळं होतं. मग सगळे एकदम बोलायला लागले. कुणी म्हणालं, डावा असता तरी आम्ही सह्या केल्याच असत्या. कुणी म्हणालं, तोंड सांभाळ, देवीसमोर आहेस. दोघा-तिघांनी विचारलं, आता संमती मागे घ्यायची का, आणि त्यांच्या बायकांनी त्यांना गप्प केलं. चाळ तर पडलीच आहे, मागे घेऊन जायचं कुठे? अर्ध्या तासात ठरलं की टॉवरचं आहे ते चालू द्यावं, आणि जयवंताने आजपासून आरतीच्या ताटाला हात लावू नये. ते बरोबरच आहे. मी मान्य केलं.

राहुल माझ्याजवळ आला. आवाज चढवला नाही, तसा त्याचा स्वभावच नाही. म्हणाला, “बाबा, आता लोक आमच्या लग्नाकडे बोट दाखवतील. ऋताने काय केलं होतं?” ते दोघं दुपारीच निघून गेले. दर्शना त्यांच्याबरोबर गेली. परत कधी येते ते सांगून गेली नाही.

एक गोष्ट मला माहीत नव्हती, ती तिथेच कळली. गर्दी पांगल्यावर लतिकावहिनी मांडाच्या कडेला उभ्या होत्या. मला वाटलं आता ह्या शिव्या देतील. त्या म्हणाल्या, “मी तीन वर्षं तिचं तोंड पाहिलं नाही. ह्यांची खोली मोडायला तिने हो म्हटलं म्हणून. घरातला तिचा फोटोसुद्धा उलटा करून ठेवला.” मग देवळाकडे बघून म्हणाल्या, “आणि ती तर नाही म्हणाली होती.”

माझ्याशी एवढंच बोलल्या. मग पदर डोक्यावर घेऊन पायऱ्या चढून गेल्या. पायऱ्या त्यांना व्यवस्थित चढवतात. आतून घंटा वाजली नाही, पण बऱ्याच वेळाने रडण्याचा आवाज आला.

मी काय चोरलं होतं ते त्या आवाजाने कळलं. ते परत देता येतं का, माहीत नाही.

तुझ्या घराच्या भिंतीचं मी काही करू शकत नाही. अठ्ठ्याहत्तर मजल्यांचंही नाही. ते होतील, नाही तर अडतील, ते लोक ठरवतील. मला त्यांना एवढंच सांगायचं होतं की ह्यात पावणाईचा हात नाही. तू ज्यांना सांग म्हणाला होतास, त्या सगळ्यांना, तिच्यासमोर उभं राहून मी ते सांगितलं.

जयवंत